पोरांच्या कॉलेजची फी आधीच भरून ठेवता येते का? मुंबईतल्या आईबापांसाठी

अमेरिकेतले नातेवाईक सुट्टीत आले की एक गोष्ट हमखास ऐकायला मिळते, तिकडे म्हणे मूल रांगत असतानाच कॉलेजची फी आजच्या रेटने भरून टाकतात आणि पुढे फी कितीही वाढली तरी पोरगं त्याच पैशात शिकून मोकळं. हे खरं आहे, त्याला प्रीपेड ट्युशन प्लॅन म्हणतात. मिशिगन राज्याने १९८६ मध्ये कायदा करून याची सुरुवात केली, मग फ्लोरिडा आणि बाकीची राज्यं आली. पालक राज्याच्या ट्रस्टला आज पैसे देतात, ट्रस्ट ते गुंतवतो आणि मूल त्या राज्याच्या सरकारी युनिव्हर्सिटीत गेलं की तेव्हाची ट्युशन भरतो. पण त्यात हॉस्टेल, जेवणखाण हे बहुतेक ठिकाणी धरलेलं नसतं, आणि गंमत अशी की फी वाढीची जोखीम पालकाच्या डोक्यावरून उतरली तरी ती कुठे जात नाही, ट्रस्टच्या डोक्यावर जाते. टेक्सासने २००३ मध्ये आपल्या जुन्या योजनेत नवीन लोक घेणं बंद केलं, अलाबामाची योजना २००८ च्या मंदीत शेअर बाजार पडल्यावर इतकी खड्ड्यात गेली की पालकांना कोर्टकचेऱ्या कराव्या लागल्या. आता तिकडेही मोजक्याच राज्यांत हे प्लॅन नव्याने मिळतात.

आपल्याकडे असा सरकारी प्लॅन नाहीये. म्हणजे आज पैसे भरा आणि २०४० ची इंजिनिअरिंगची सीट त्याच भावात घ्या, असं महाराष्ट्रात कोणी देत नाही. त्यामुळे कोणी तुम्हाला 'फी लॉक', 'एज्युकेशन गॅरंटी' वगैरे नावाने काही विकायला आलं तर आधी ओळखा की ते नक्की काय आहे, कारण ते बहुतेक वेळा एक तर विमा असतो, नाहीतर क्लासची अॅडव्हान्स फी असते, नाहीतर सरळ फसवणूक असते.

मग करायचं काय, तर आपला प्रीपेड प्लॅन आपणच घरात बनवायचा. आणि तो बनवताना सगळ्यात महत्त्वाची गोष्ट रिटर्न किती टक्के ही नाही, तर पैसा कोणत्या तारखेला हातात येणार ही आहे. कॉलेजची फी ही लग्नासारखी पुढे ढकलता येत नाही. कॅप राउंडची (सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतल्या फेरीची) सीट लागली की चार-पाच दिवसांत कॉलेजला जाऊन रिपोर्टिंग करायचं आणि फी भरायची, नाहीतर सीट गेली. घरात सोनं आहे, गावाला जमीन आहे, पॉलिसी आहे, पण जुलैमध्ये हातात रोकड नाही, अशी अवस्था झालेली कितीतरी घरं मी बघितली आहेत आणि त्यांच्यासाठीच हे लिहितोय.

पहिलं काम म्हणजे आकडा काढणं, आणि तो अंदाजे नको. महाराष्ट्रात खासगी प्रोफेशनल कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं, २०१५ च्या कायद्याने, आणि त्यांच्या वेबसाईटवर कॉलेजनुसार कोर्सनुसार मंजूर फी बघायला मिळते. तिथे जा आणि तुमच्या मुलाला जमेल असं वाटतं त्या दोन-तीन कोर्सची आजची फी लिहून घ्या. मुंबईत हा फरक किती मोठा आहे बघा, एमबीबीएस जे.जे., केईएम, सायन किंवा नायरला मिळालं तर फी पगारदार माणसाला झेपणारी असते, तोच कोर्स खासगी कॉलेजात घेतला तर वर्षाला दहा लाखांच्या आसपास किंवा वर जातो. त्यामुळे 'मेडिकलसाठी साठवतोय' या वाक्याला काही अर्थ नाही, कुठलं मेडिकल ते सांगा. माझं मत असं की हिशोब मधल्या पर्यायाचा धरायचा, म्हणजे खासगी इंजिनिअरिंग किंवा तशी फी असलेला कोर्स. मुलाला सरकारी सीट मिळाली तर पैसे उरतील, ते पुढच्या शिक्षणाला कामी येतील.

आता उदाहरण घेऊ. मुलगी चार वर्षांची आहे, कॉलेजला चौदा वर्षं आहेत, आज फी वर्षाला अडीच लाख आहे असं समजा, म्हणजे चार वर्षांचे दहा लाख. वर्षाला ८ टक्के वाढ धरली तर तिच्या पहिल्या वर्षाची फी ७ लाख ३४ हजारांच्या आसपास जाते आणि शेवटच्या वर्षाची सव्वानऊ लाख, चारही वर्षं मिळून ३३ लाख. घाबरू नका, सगळे एकदम लागत नाहीत. पहिली फी भरताना उरलेली रक्कम एफडीत ७ टक्क्यांनी वाढतच असते, त्यामुळे अॅडमिशनच्या वेळी साधारण ३० लाख हातात असले की पुरतं. त्यासाठी १० टक्के परतावा धरला तर महिन्याला सव्वाआठ हजार, आणि ७ टक्केच धरला तर साडेदहा हजार. बघा, चौदा वर्षांच्या हिशोबात तीन टक्क्यांचा फरक महिन्याला सव्वादोन हजारांचाच आहे, तेवढ्यासाठी झोप उडेल अशा स्कीममध्ये जायची गरज नाही. आणि एवढे आज जमत नसतील तर पाच हजाराने सुरू करा आणि दरवर्षी पगारवाढ झाली की दहा टक्क्यांनी वाढवा. सुरुवात करणं जास्त महत्त्वाचं.

अजून एक, फी दरवर्षी हळूहळू वाढते असं गृहीत धरू नका. आयआयटीची बी.टेक.ची ट्युशन फी २०१६ मध्ये ९० हजारांवरून एकदम २ लाख झाली. अशी उडी एखाद्या वर्षी येते, म्हणून दर दोन वर्षांनी आकडा परत काढायचा, जुनाच धरून बसायचं नाही.

आता पैसे ठेवायचे कुठे. मुलगी असेल आणि दहा वर्षांच्या आतली असेल तर सुकन्या समृद्धी खातं उघडाच, पोस्टात किंवा बँकेत. वर्षाला कमीत कमी २५० आणि जास्तीत जास्त दीड लाख, पंधरा वर्षं भरायचे, खातं उघडल्यापासून एकवीस वर्षांनी पूर्ण होतं, व्याज सध्या ८.२ टक्के आहे (ते सरकार दर तीन महिन्यांनी जाहीर करतं) आणि शेवटी मिळणाऱ्या रकमेवर टॅक्स नाही. इथपर्यंत एजंट सांगतो. तो सांगत नाही ते हे, की मुलगी अठरा वर्षांची झाली किंवा दहावी पास झाली की शिक्षणासाठी आदल्या मार्चअखेरच्या शिल्लक रकमेच्या अर्धेच काढता येतात, तेही कॉलेजच्या फीच्या मागणीपुरतेच, अॅडमिशनचा कागद किंवा फी स्लिप दाखवून, एकदम किंवा वर्षाला एकदा असं जास्तीत जास्त पाच वर्षं. बाकीचे अर्धे खातं पूर्ण झाल्यावर. म्हणजे जन्मल्या जन्मल्या खातं उघडलं तर बाकीचे पैसे ती एकवीस वर्षांची झाल्यावर, डिग्री संपताना. त्यामुळे मी याच्याकडे असं बघतो, अर्धं सुकन्या हे ग्रॅज्युएशनला आणि उरलेलं एमबीए, एम.टेक. किंवा बाहेर शिकायला. सगळीच बचत सुकन्यात टाकली तर बारावीनंतर हात बांधलेले राहतात. आणि मुलगी नऊ वर्षांची असताना खातं उघडलं तर ते ती तीस वर्षांची झाल्यावर पूर्ण होणार, तेव्हा फीसाठी त्याच्यावर फार भरवसा ठेवू नका.

मुलगा असेल तर पीपीएफ, म्हणजे पोस्टात किंवा बँकेत मिळणारं सरकारी भविष्य निर्वाह खातं. सध्या ७.१ टक्के, २०२० पासून तेवढाच आहे. याचं पंधरा वर्षांचं गणित आर्थिक वर्षावर चालतं, म्हणजे २०२६-२७ मध्ये उघडलेलं खातं १ एप्रिल २०४२ ला पूर्ण होतं, तेव्हा मूल दोन वर्षांचं असताना उघडलं तर पैसे नेमके बारावीच्या रिझल्टच्या आधी मोकळे होतात. मुलाच्या नावाने वेगळं खातं उघडता येतं पण आईचं किंवा बापाचं आणि मुलाचं मिळून मर्यादा दीड लाखच आहे, दुप्पट नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. सुकन्या काय पीपीएफ काय, पैसे महिन्याच्या ५ तारखेच्या आत भरा, त्या महिन्याचं व्याज मिळतं. पगार १ तारखेला होतो तर ऑटो डेबिट ३ तारखेला लावून टाका.

दहा वर्षांपेक्षा जास्त वेळ असेल तर काही भाग साध्या इंडेक्स फंडाच्या (बाजाराच्या निर्देशांकातलेच शेअर घेणारा म्युच्युअल फंड) एसआयपीत, म्हणजे दरमहा ठरलेल्या हप्त्यात टाकावा असं माझं ठाम मत आहे, कारण फी महागाईच्या पुढे पळते आणि फक्त एफडी-आरडीवर तिला गाठणं अवघड जातं. निफ्टी ५० चा डायरेक्ट प्लॅन (एजंटशिवाय थेट घेतलेला) घेतला तरी पुष्कळ झालं, 'चिल्ड्रन्स फंड' असं नाव असलेलाच घ्यायला पाहिजे असं काही नाही, नावावर जाऊ नका.

एलआयसीवाले काका घरचेच असतात, त्यांना नाही म्हणणं जड जातं, मला कळतं. पण चाइल्ड प्लॅनमध्ये विमा आणि बचत एकत्र केलेली असते आणि परतावा बऱ्याचदा पीपीएफपेक्षाही कमी पडतो. त्यातली एकच गोष्ट खरोखर कामाची आहे, आई किंवा बाप गेला तर पुढचे हप्ते माफ होतात आणि मुलाला पैसे मिळतात. ती सोय टर्म इन्शुरन्सने (बचत नसलेला, फक्त मृत्यूनंतर पैसे देणारा विमा) कितीतरी स्वस्तात होते. म्हणून वरच्या उदाहरणातल्या ३० लाखांचा आकडा धरून, घरातल्या कमावत्या माणसाच्या बाकीच्या जबाबदाऱ्यांच्या वर तेवढं टर्म कव्हर जास्तीचं घ्या. हे सगळ्यात आधी, एसआयपीच्याही आधी. कमावता माणूस गेला की एसआयपी थांबते, फी थांबत नाही.

भिशी, पतपेढी आणि को-ऑपरेटिव्ह बँका याबद्दल मुंबईत बोलावंच लागतं, कारण आपली अर्धी बचत तिथेच असते, दिवाळीचा बोनस आला की पतपेढीत, एक-दोन टक्के जास्त मिळतात म्हणून. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये पीएमसी बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध आणले तेव्हा सुरुवातीला खात्यातून एक हजार रुपयेच काढता येत होते. २०२५ च्या फेब्रुवारीत न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेच्या बाहेर अशाच रांगा लागल्या. दोन्ही बँका पुढे दुसऱ्या बँकांत विलीन झाल्या, पण मधल्या काळात ज्यांच्या घरात अॅडमिशन होतं त्यांनी काय करायचं? ठेवींवर विमा असतो, एका बँकेत एका ठेवीदाराला ५ लाखांपर्यंत, व्याज धरून. त्यामुळे छोट्या बँकेत ठेवायचेच असतील तर त्या मर्यादेच्या आत ठेवा. पतपेढीला तर हा विमाच नाही. भिशीचे पैसे टीव्हीला, फ्रिजला, गणपतीला ठीक आहेत, फीला नकोत.

चाळीचं किंवा सोसायटीचं रीडेव्हलपमेंट झालं असेल आणि बिल्डरकडून कॉर्पस (एकरकमी पैसे) मिळाला असेल तर तो बचत खात्यात पडू देऊ नका, तो फर्निचरमध्ये कधी विरघळतो ते कळत नाही. मुलाच्या वयाप्रमाणे त्यातला एक मोठा तुकडा आधीच बाजूला काढा.

आता या सगळ्या गाईडमधली जी गोष्ट कृपा करून लक्षात ठेवा ती ही. मूल नववीत गेलं की शेअर बाजारातला पैसा हळूहळू बाहेर काढायला सुरुवात करायची, बाजार वर असो की खाली. जानेवारी २०२० मध्ये सेन्सेक्स ४२ हजारांच्या वर गेला होता, २३ मार्चला तो २६ हजारांच्या खाली बंद झाला. दोन महिन्यांत. त्या वर्षी ज्याला जूनमध्ये फी भरायची होती आणि सगळा पैसा इक्विटीत, म्हणजे शेअरमध्ये होता त्याला नंतर बाजार सावरला याचा काय उपयोग. नववी ते बारावी दरवर्षी साधारण पाव भाग काढत गेलं तर टॅक्सही कमी बसतो, कारण इक्विटी फंडात वर्षभरापेक्षा जास्त ठेवलेल्या पैशावर वर्षाला सव्वा लाखांपर्यंतच्या नफ्यावर टॅक्स नाही, त्याच्या वरती १२.५ टक्के. एकदम काढले तर ती सवलत एकदाच मिळते, चार वर्षांत काढले तर चारदा.

काढलेल्या पैशाच्या चार एफडी करायच्या, प्रत्येक वर्षाच्या फीची एक, आणि प्रत्येकीची मुदत त्या त्या वर्षीच्या मे महिन्यात संपेल अशी ठेवायची. पहिल्या वर्षाची, दुसऱ्या वर्षाची असं पासबुकावर पेन्सिलने लिहून ठेवा. जूनमध्ये फी मागितली की मे मध्येच पैसे आलेले असतात. आमच्या ओळखीतल्या डोंबिवलीच्या एका ताईंनी हे असंच केलं होतं, नवरा मध्येच वर्षभर घरी बसला होता, पण मुलाच्या तिसऱ्या वर्षाच्या फीला हात लावायची वेळ आली नाही कारण ती एफडी वेगळी आहे, तिला नाव आहे, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. अमेरिकेतल्या प्रीपेड प्लॅनचं जे खरं सुख आहे ते हेच, आणि ते कुठल्याही बँकेत बनवता येतं.

या फंडाला सगळ्यात मोठं भगदाड पडतं ते अकरावी-बारावीच्या क्लासमुळे. दोन वर्षांचे पैसे एकदम भरले तर डिस्काउंट, असं सांगतात आणि पालक कॉलेजचे साठवलेले पैसे तिथे ओततात. दोन वर्षांची फी एकरकमी देऊ नका, हप्त्याने द्या, जास्त पडली तरी चालेल. मुलाला सहा महिन्यांत झेपलं नाही, क्लास बंद पडला, चांगले सर सोडून गेले, काहीही होऊ शकतं. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत असं आहे की कोर्स मध्येच सोडला तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत द्यायची, पण प्रत्यक्षात ते पैसे सोडवायला किती चपला झिजतात ते ज्याचं अडकलंय त्याला विचारा. आणि 'नो कॉस्ट ईएमआय' म्हणतात ते बऱ्याचदा तुमच्या नावावर फायनान्स कंपनीचं कर्ज असतं, मुलाने क्लास सोडला तरी हप्ता कापला जातो, न भरला तर सिबिल (कर्जफेडीचा स्कोअर) खराब, आणि मग पुढे एज्युकेशन लोन काढायला गेलं की तिथे अडतं. सही करण्याआधी कागदावर कर्ज देणाऱ्याचं नाव आहे का ते बघा.

पैसे साठवण्याइतकंच फी कमी करून घेणं हेही काम आहे, आणि ते कागदांवर अवलंबून असतं. महाराष्ट्रात २०२४-२५ पासून घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक कोर्सची ट्युशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, अट अशी की अॅडमिशन कॅपमधून झालेलं पाहिजे, मॅनेजमेंट कोट्यातून नाही. ओपनमधल्या मुलांना ८ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीतून निम्मी ट्युशन फी मिळते. अर्ज महाडीबीटी या सरकारी वेबसाईटवर. यासाठी उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, नॉन क्रीमीलेयर किंवा ईडब्ल्यूएस, जात पडताळणी, जे लागू असेल ते बारावीच्या वर्षातच काढून ठेवा, रिझल्ट लागल्यावर तहसीलमध्ये सगळी मुंबई रांगेत असते. जात पडताळणी तर अकरावीतच टाका. एका दाखल्यापायी लाखभराची सवलत जाते, मी हे जीव तोडून सांगतोय.

तरी कमी पडले तर एज्युकेशन लोन, त्यात लाजायचं काही नाही. रिटायरमेंटचे पैसे, पीएफ मोडण्यापेक्षा ते बरं, शिक्षणाला कर्ज मिळतं, म्हातारपणाला मिळत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत ठरलेल्या दर्जेदार संस्थांमध्ये अॅडमिशन मिळालं तर तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज मिळतं, घरचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल आणि दुसरी कुठली सरकारी शिष्यवृत्ती किंवा व्याजसवलत मिळत नसेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात ३ टक्के सूट. कॉलेज त्या यादीत आहे का ते ऑप्शन फॉर्म (कॅपमध्ये कॉलेजांची पसंती द्यायचा अर्ज) भरण्याआधीच बघून ठेवा.

सीट बदलली तर भरलेली फी बुडाली असं समजू नका. यूजीसीच्या २०१८ च्या नियमाप्रमाणे प्रवेशाच्या शेवटच्या तारखेच्या १५ दिवस किंवा जास्त आधी अॅडमिशन रद्द केलं तर पूर्ण फी परत (प्रोसेसिंगचे थोडे कापून), १५ दिवसांपेक्षा कमी राहिले असतील तर ९० टक्के, तारखेनंतर १५ दिवसांत ८० टक्के, ३० दिवसांपर्यंत ५० टक्के, नंतर काही नाही. म्हणून अर्ज तारखेसकट लेखी द्यायचा आणि पोच घ्यायची, ऑफिसमधल्या माणसाच्या 'बघतो' वर थांबायचं नाही.

आणि एक बारीक गोष्ट जी ऐन वेळी नडते. मुलाच्या नावाने म्युच्युअल फंड असेल तर ते अठरा वर्षांचं झाल्याच्या दिवशी तो फोलिओ (फंडातलं खातं) 'मायनर', म्हणजे अज्ञानाच्या नावाचा राहत नाही, आणि मुलाचं पॅन, केवायसी, नवीन सहीसकट बँक खातं जोडल्याशिवाय त्यातून पैसे काढता येत नाहीत. वाढदिवस जून-जुलैतला असेल तर हे नेमकं फी भरायच्या वेळी अडकतं. शक्य असेल तर फंड आईच्या किंवा बाबांच्या नावावरच ठेवा आणि नॉमिनी मुलाला करा. मुलाच्या नावावर आहेच, तर वाढदिवसाच्या दोन-तीन महिने आधी पॅन काढायला टाका आणि बारावीची परीक्षा संपली की त्याला घेऊन बँकेत जा. यूपीआयने फी भरणार असाल तर कॉलेजच्या फीसाठी मर्यादा ५ लाखांपर्यंत वाढवलेली आहे, पण तुमच्या बँकेने किंवा अॅपने कमी ठेवली आहे का ते आठवडाभर आधी तपासा, नाहीतर आरटीजीएससाठी बेनिफिशियरी आधीच जोडून ठेवा, नवीन जोडलेल्या खात्यावर पहिला दिवस बऱ्याच बँका मोठी रक्कम जाऊ देत नाहीत.